धोंड्याच्या महिन्यातली फ्लॉपी

जावयाला नाही म्हणायचं नसतं, हे देवकीबाई लांजेवारांना कोणी पाटावर बसवून शिकवलं नव्हतं. कन्हानला माहेरी त्यांनी ते नुसतं पाहिलं होतं. जावई अंगणात आला की त्यांची आई डोक्यावरचा पदर पुढं ओढायची, दाराआड व्हायची आणि चहात साखर किती घालू एवढं विचारायलाही लेकीला पुढं करायची. जावयानं आणलं ते घ्यायचं, आणि पानात वाढलेलं त्यानं टाकलं तर आपलाच हात चुकला म्हणायचं. जुनी माणसं जावयाला दहावा ग्रह म्हणत, आणि ग्रहाशी कोणी वाद घालत नाही. पुढं नागपुरात, गणेशपेठेतल्या घरात, देवकीबाई स्वतः सासू झाल्या तेव्हा त्यांनीही तोच शिरस्ता चालवला. त्यांचा जावई चंद्रभान तर इतका गुणी, की त्याला नाही म्हणण्याची वेळ कधी येईल असं कोणाच्या मनातही आलं नसतं. ती वेळ आली अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, आणि आली ती एका कॉम्प्युटरपायी.

त्या काळात गणेशपेठेतल्या दोन कौलारू खोल्यांत कॉम्प्युटर कसा काय शिरला, हे सांगायचं तर आधी कवडूजींबद्दल सांगायला हवं. कवडूजी म्हणजे देवकीबाईंचे यजमान. संत्र्याच्या बाजारात ते हर्रास करायचे, म्हणजे लिलाव पुकारायचे. अडत्ये अनेक होते, पण पुकारणारा कवडूजींसारखा दुसरा नव्हता. ढिगापुढं उभे राहून त्यांनी आवाज टाकला की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला भाव कळायचा. तोच आवाज संध्याकाळी घरी यायचा. लग्न होऊन आल्यावर थोड्याच दिवसांत देवकीबाईंच्या ध्यानात आलं की या घरात तोंड एकच आहे आणि ते आपलं नाही.

माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून टाकतो. बायकोवर हात उगारला नाही, दारूला शिवला नाही, लेकीला मॅट्रिकपर्यंत शिकवली. पण प्रश्नही तेच विचारायचे आणि उत्तरही तेच द्यायचे. 'भाजी कोणती करतेस, वांग्याचीच कर' असा सगळा मामला. देवकीबाईंना संसार रेटायला 'हो' आणि 'बरं' एवढे दोन शब्द पुरले. तीस वर्षं पुरले म्हटल्यावर त्यांना तिसऱ्या शब्दाची गरज पडली नसावी असं कोणालाही वाटेल. बायकांच्या गप्प राहण्याला समाधान म्हणायची आपल्याकडं मोठी सोय आहे.

मग एका सकाळी मंडीत, ढिगासमोर उभे असतानाच, कवडूजींची बोली मधेच तुटली. लोकांना वाटलं खोकला आला. पण ते वाकले आणि संत्र्यांवरच आडवे झाले. दवाखान्यात जीव वाचला, उजवं अंग मात्र गेलं आणि जीभ अशी जड झाली की तोंडातून नुसता घोगरा आवाज निघायचा. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, त्यांना सगळं समजतं. हेच तर वाईट होतं. जे बोलणं डोक्यात दिवसभर उकळतंय त्याला बाहेर यायला वाटच राहिली नाही. डावा हात चालायचा, पण थरथरायचा. पाटी दिली तर खडू मोडायचा आणि अक्षराचं गांडूळ व्हायचं. मुलीनं, म्हणजे वच्छलानं, पुठ्ठ्यावर बाराखडीचा तक्ता लिहून दिला. कवडूजी एकेका अक्षरावर बोट ठेवायचे आणि देवकीबाईंनी ती जुळवायची. देवकीबाई शाळेत गेल्या होत्या दुसरीपर्यंत. चौथ्या अक्षराला पोहोचेस्तोवर पहिलं विसरायचं. कवडूजी चिडायचे, तक्ता भिरकावायचे, आणि देवकीबाई तो उचलून पुसून खुंटीला अडकवायच्या.

जावई चंद्रभान तेव्हा धंतोलीत कॉम्प्युटर जुळवण्याचं आणि दुरुस्तीचं छोटंसं दुकान चालवत होता. चांगली कायमची नोकरी सोडून त्यानं ते टाकलं तेव्हा त्याच्या घरच्यांनी त्याला वेड्यात काढलं होतं. एकटे कवडूजी भर बैठकीत गरजले होते की पोरगा करून दाखवेल, आणि त्या आवाजापुढं बाकीचे गप्प झाले होते. चंद्रभानचे वडील तो लहान असतानाच गेलेले. सासऱ्याचा तो आवाज त्यानं जपून ठेवला होता. म्हणून कुठल्याशा गिऱ्हाईकानं परत केलेला एक कॉम्प्युटर त्यानं दुरुस्त केला, आणि इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका मित्राकडून त्याच्यासाठी पडद्यावर मराठी अक्षरं उमटवणारा छोटा प्रोग्राम लिहून घेतला. वच्छलानं कागदाचे बारीक तुकडे कापून त्यांवर अक्षरं लिहिली आणि एकेक बटनावर चिकटपट्टीनं डकवली. मित्र पुढं शिकायला अमेरिकेला निघून गेला. यंत्र गणेशपेठेत आलं.

ते सुरू करायची रीत देवकीबाईंनाच शिकावी लागली, कारण दिवसभर घरात त्याच. दोन खाचा होत्या. पहिल्या खाचेत आधी एक फ्लॉपी घालायची. चंद्रभान तिला डॉस म्हणायचा. यंत्राला जागं करून कामाला लावायचं ते तिनं. देवकीबाईंनी तिचं नाव ठेवलं मुकादम. मुकादम आला की मग दुसऱ्या खाचेत मराठीची फ्लॉपी. पडदा हिरवा व्हायचा आणि कवडूजी डाव्या हाताचं एक बोट घेऊन बसायचे.

आता खरी गंमत सांगतो. अक्षरं पडद्यावर ओळीनं थांबून राहायची, पळून जायची नाहीत, त्यामुळं देवकीबाईंना ती जुळवायला उसंत मिळायची. त्या मोठ्यानं वाचायच्या आणि कवडूजी पडद्याकडं न पाहता त्यांच्या तोंडाकडं पाहायचे. चुकलं की एक बटन दाबून धरायचे आणि यंत्र कोकलायला लागायचं. पहिल्या महिन्यात यंत्र फार कोकललं. सालभरानं देवकीबाई किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नव्हत्या. पन्नाशीच्या बाईनं नवऱ्याचं बोलणं ऐकायला वाचायला शिकावं, हे गणेशपेठेत तरी पहिल्यांदाच घडत असावं.

आणि बोलणंही बदललं होतं. 'वरनात मीठ नाई' हे तर रोजचंच. पण एका बोटानं एकेक अक्षर हुडकत माणूस रागावायला निघाला तर अर्ध्या वाक्यात राग निवतो. शिवी तर लिहून होईपर्यंत हास्यास्पद वाटायला लागते. मग उरायचं ते सांगण्यासारखं. कवडूजी विचारायचे आणि उत्तरासाठी थांबायचे, कारण पुढचं वाक्य तयार करायला त्यांनाच वेळ लागायचा. त्या थांबण्यात देवकीबाई बोलायच्या. एका दुपारी पडद्यावर आलं, 'तुही माय म्हातारी झाली. कन्हानले जाऊन ये. मी राहतो.' देवकीबाईंनी ते वाचलं आणि पुन्हा वाचलं. तीस वर्षांत माहेरी जा असं या माणसानं आपणहून म्हटलं नव्हतं. त्यांना रडू आलं, आणि ते कांद्यामुळं आलं असं त्या म्हणाल्या, जरी त्या दिवशी घरात कांदा चिरलेला नव्हता.

चंद्रभानचं प्रेम मात्र एका ठिकाणी स्वस्थ बसणारं नव्हतं. बाकीचे जावई येताना फळं, मिठाई आणतात, हा फ्लॉपी आणायचा. अमुक सुधारून आलंय, तमुक नवं निघालंय, मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, यंत्रात घालून देतो. पहिल्यांदा त्यानं आणलं ते खरंच कामाचं निघालं. यंत्र दुपारी मधेच आडमुठ्या बैलासारखं अडून बसायचं आणि लिहिलेलं सगळं जायचं, ते थांबलं. दुसऱ्यांदा आणलं त्यानं पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ आलं. घरात भिंतीवर एक घड्याळ होतंच, पण असू दे म्हटलं. जावयानं आणलेलं परत कसं करायचं? नव्याचे नऊ दिवस, आणि दहाव्या दिवशी चंद्रभान आणखी नवं घेऊन हजर.

त्या वर्षी जेठ, म्हणजे ज्येष्ठ महिने, दोन होते. म्हणजे अधिक महिना आला, आपला धोंड्याचा महिना. त्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला घरी बोलवायचं, पुरण भरलेले धोंडे करून जेवू घालायचं, अनारशांचं वाण द्यायचं. नागपूरचं ऊन डोकं फोडत होतं, कुलरचा खस तासातासाला वाळत होता, तरी देवकीबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. चंद्रभान आणि वच्छला हुडकेश्वरच्या घरून आले. जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं, ताट वाढलं. पोटभर जेवून, ढेकर देऊन नारायणानं पिशवी उघडली आणि नवा मुकादम बाहेर काढला.

हा मुकादम मागच्यांसारखा किरकोळ नव्हता. आख्खी डॉसच नवी होती, नुकती दिल्लीहून आलेली. चंद्रभान तिच्याबद्दल अशा उत्साहानं सांगत होता की कवडूजींनीही मान डोलावली. घरात मुकादमाच्या दोन फ्लॉप्या ठेवल्या तर मामींची गडबड होईल, म्हणून त्यानं विचारपूर्वक जुन्या फ्लॉपीवरचं सगळं पुसून तिच्यावरच नवं चढवलं. मग ती पहिल्या खाचेत घातली, मराठीची दुसऱ्या खाचेत घातली आणि अभिमानानं बाजूला झाला.

पडद्यावर एक शिरोरेषा उमटली. तिच्याखाली दोनतीन तुटके काने आले, इंग्रजीत एक ओळ आली, आणि यंत्र गप्प बसलं. चंद्रभाननं पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. घामानं त्याचा कुंकवाचा टिळा नाकावर ओघळला. शेवटी त्याला उमगलं ते असं, की नवी डॉस यंत्राच्या आत जास्त जागा घेते, आणि उरलेल्या जागेत मराठी मावत नाही. खोलीत मोठं कपाट आणून ठेवलं आणि घरच्या माणसाला बसायला जागा उरली नाही, तसं झालं होतं. तो म्हणाला, काळजी करू नका, दिल्लीहून जास्तीची मेमरी मागवतो, चार दिवसांत काम होईल. पाहुणचाराचा दिवस होता. सगळ्यांनीच काही हरकत नाही म्हटलं. कवडूजींनी मान हलवली नाही, पण त्यांच्याकडं कोणी पाहिलं नाही.

चार दिवस गेले, आठ गेले. दिल्लीहून काही आलं नाही. बाराखडीचा तक्ता पुन्हा खुंटीवरून खाली आला, पण कवडूजींनी त्याला हात लावला नाही. ज्याला वाक्यं मिळाली होती तो पुन्हा अक्षरांवर कसा येणार? ते खाटेवर पडून राहायचे. देवकीबाई विचारायच्या, पाणी? पंखा? कूस बदलू? ते डोळ्यांनी हो किंवा नाही म्हणायचे. दोन शब्दांत माणूस जगू शकतो हे देवकीबाईंपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार! आणि ते जगणं कसं असतं, हेही त्यांनाच ठाऊक होतं. त्यांना स्वतःलाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. दुपारची कामं आटोपली की पाय आपोआप त्या यंत्राकडं वळायचे. तिथं आता बोलणारं कोणी नव्हतं.

त्यांनी रीतीप्रमाणं केलं. वच्छला आली तेव्हा तिच्या कानावर घातलं की तुझ्या बाबांना जुनीच फ्लॉपी हवी, नवऱ्याला सांग. पण सासूचा निरोप लेकीच्या तोंडून जावयापर्यंत जाताना वाटेत त्याच्यात इतकी साखर पडते की मूळ औषध शिल्लक राहत नाही. वच्छलानं घरी जाऊन सांगितलं, बाबांना जरा अवघड जातंय, पण घाई नाही, तुम्ही सवडीनं करा. चंद्रभाननं उलट निरोप धाडला, लवकरच मोठी आनंदाची गोष्ट होणार आहे, थोडं थांबा. देवकीबाईंनी दुसऱ्यांदा निरोप दिला. तोही असाच गोड होऊन पोहोचला.

मग नवतपा लागला. उन्हाळ्यातले सर्वांत जळते दिवस. अशाच एका दुपारी कवडूजींना काहीतरी सांगायचं होतं. ते खाटेवर अर्धे उठले, घोगरा आवाज काढला, डाव्या हातानं हवेत काही दाखवलं. देवकीबाईंनी पाणी दिलं. नाही. गोळी दिली. नाही. खिडकी लावली, उघडली, कुलरमध्ये पाणी घातलं, शेजारच्या भीमाबाईंना हाक मारून आणलं. नाही. कवडूजी पुन्हा पुन्हा तोच आवाज काढत होते आणि देवकीबाई पुन्हा पुन्हा चुकत होत्या. शेवटी त्यांचा हात खाली पडला. त्यांनी देवकीबाईंकडं पाहिलं, त्या पाहण्यात रागसुद्धा नव्हता, आणि भिंतीकडं तोंड करून ते पडून राहिले. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या सकाळी देवकीबाईंनी विचारलेल्या कशालाच त्यांनी डोळ्यांनीही उत्तर दिलं नाही.

देवकीबाई घाबरल्या. आवाज गेला तेव्हा त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या, कारण तेव्हा माणूस आत धडपडत होता. आता त्यानं दार आतून लावून घेतलं होतं. आणि ते उघडायची किल्ली, म्हणजे जुन्या मुकादमाची दुसरी प्रत, धंतोलीत जावयाच्या दुकानात पडून आहे, एवढं त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी भीमाबाईंना घरात बसवलं, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोवला, डोक्यावर ओला शेला घेतला आणि भर दुपारी सायकलरिक्षात बसल्या. वाटेत त्या मनाशी वाक्यं जुळवत होत्या. जावयाशी बोलायचं पहिलं वाक्य कसं असतं, हे त्यांना येत नव्हतं.

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. सासू दारात उभी पाहून चंद्रभान ताडकन उठला आणि त्याच्या हातातला पेचकस खाली पडला. त्याला वाटलं मामाजींचं काही बरंवाईट झालं. त्यानं खुर्ची पुसली, उसाचा रस सांगितला. देवकीबाई बसल्या नाहीत. सवयीनं त्यांनी आजूबाजूला पाहिलं, वच्छला कुठं दिसते का. वच्छला हुडकेश्वरला होती. मधे कोणीच नव्हतं. देवकीबाईंनी पदर सारखा केला आणि थेट त्याच्याकडं पाहून बोलल्या.

"जवाईबुवा, तुमी आणलं ते सारं चांगलंच असन. पण त्यात हे नाईत. मले जुनी फ्लॉपी पायजे."

गिऱ्हाइकांनी माना खाली घातल्या. चंद्रभानचं तोंड उतरलं. तो गडबडीनं सांगायला लागला की नवी डॉस काय काय करते. मोठ्या फ्लॉप्या वाचते, परदेशी भाषांच्या कळा चालवते, अनेक यंत्रं तारेनं जोडू देते. देवकीबाई एकेक ऐकून घेत होत्या आणि शांतपणे विचारत होत्या, आमच्या घरी मोठी फ्लॉपी आहे का? परदेशी भाषा कोण बोलतं? दुसरं यंत्र कुठं आहे? प्रत्येक वेळी चंद्रभानला नाही म्हणावं लागलं. त्या म्हणाल्या, तुम्ही पहिल्यांदा आणलेली घेतली, कारण यंत्र अडून बसायचं आणि यांचं लिहिलेलं जायचं, ते दुखणं होतं. घड्याळ घेतलं, कारण त्यानं कोणाचं काही बिघडलं नाही. पण दुखणं नसताना औषध कशाला, आणि तेही जीव घेणारं? सुरी सोन्याची झाली म्हणून ती कोणी उरात घालून घेतं का?

तेव्हा चंद्रभाननं इतके दिवस लपवून ठेवलेली गोष्ट बाहेर काढली. त्यानं कोपऱ्यातलं एक यंत्र सुरू केलं आणि काही बटनं दाबली. यंत्रातून एक चिरका, कण्हल्यासारखा आवाज आला. इंग्रजीत काहीतरी बोलला. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी बोलावं, तसा. चंद्रभान म्हणाला, हे बोलणारं यंत्र आहे, टाइप केलं की ते मोठ्यानं म्हणतं. ते नव्या डॉसवरच चालतं, म्हणून तर आधी ती घालणं भाग होतं. सगळं जमलं की अचानक घरी आणून तुम्हाला चकित करणार होतो.

"मामी, मले मामाजीचा आवाज वापस आणाचा होता," तो म्हणाला, आणि तिशीतला तो बाप्या गिऱ्हाइकांसमोर डोळे पुसायला लागला.

देवकीबाईंचं मन पाघळलं. कोणाचंही पाघळलं असतं. उन्हातान्हात हे पोरगं सासऱ्याच्या आवाजामागं धावतंय, आणि आपण त्याच्या दुकानात येऊन चार लोकांत त्याला बोल लावतोय. बरं म्हणावं आणि परत फिरावं, असं त्यांना वाटलं. 'बरं' ओठावर आलंही होतं. पण मग त्यांनी विचारलं, हे मराठीत बोलतं का. चंद्रभान म्हणाला, आत्ता नाही, इंग्रजीत बोलतं, मराठी यायला दोनतीन वर्षं लागतील. देवकीबाईंच्या डोळ्यांपुढं भिंतीकडं तोंड करून पडलेल्या कवडूजींची पाठ आली.

"आवाज मी त्यायचा तीस वर्सं आयकला, जवाईबुवा," त्या म्हणाल्या. "बोलणं आता कुठं आयकून राहिली होती. ते मले देऊन टाका."

चंद्रभाननं ते बोलणारं यंत्र बंद केलं. कपाटातून जुन्या डॉसची एक प्रत शोधून काढली आणि तिथंच घालून पाहिली. चालली. मग हलक्या आवाजात त्यानं विचारलं, पुढं कधी काही आणायचंच नाही का? देवकीबाई म्हणाल्या, असं कोण म्हणतं? आणा की. पण आधी इथं दुकानात घालून पहा. मराठी नीट उमटली तर घरी आणा, आणि घरी आणली तरी जुनी पुसू नका. मला दोन फ्लॉप्या सांभाळता येतात, मी संसार सांभाळला आहे. चंद्रभानला हसू आलं, आणि ते पाहून देवकीबाईंचाही जीव भांड्यात पडला. तोवर उसाच्या रसातला बर्फ विरघळून गेला होता, तरी त्यांनी तो घोटभर घेतला.

चंद्रभाननं दुकान ओढून घेतलं आणि स्कूटर काढली. जावयाच्या स्कूटरवर मागं सासू बसली आहे, हे दृश्य गणेशपेठेनं तोवर पाहिलेलं नव्हतं. फ्लॉपीला ऊन लागू नये म्हणून देवकीबाईंनी ती ओल्या शेल्यात नाही, कोरड्या पदरात गुंडाळून छातीशी धरली होती. एका हातात फ्लॉपी आणि दुसऱ्या हातानं जावयाचा खांदा. ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी तोंडातलं पान थुंकायचं थांबवलं. देवकीबाईंनी कोणाकडं पाहिलं नाही.

कवडूजी तसेच भिंतीकडं तोंड करून पडले होते. चंद्रभाननं यंत्र सुरू केलं. जुना मुकादम आला, दुसऱ्या खाचेत मराठी गेली, पडदा हिरवा झाला. त्यानं एक बटन दाबलं आणि 'क' उमटला, आख्खा, डोक्यावर रेघ घेऊन. देवकीबाईंनी कवडूजींच्या खांद्याला हात लावला. त्यांनी मान वळवली, पडद्याकडं पाहिलं आणि मग उठायला लागले. दोघांनी धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

चंद्रभान खाली मान घालून म्हणाला की मामाजी, चूक माझी झाली. आज मामींनी दुकानात येऊन सगळ्यांसमोर माझी चांगली कानउघाडणी केली. कवडूजींनी देवकीबाईंकडं पाहिलं, मग जावयाकडं, मग पुन्हा देवकीबाईंकडं. मग ते लिहायला लागले. इतक्या दिवसांनी बोट जास्तच थरथरत होतं. चुकीचं बटन पडायचं, ते पुसायचे, पुन्हा लिहायचे. चंद्रभान मधे मदतीला सरसावला तर त्यांनी कोपरानं त्याला बाजूला सारलं. ओळ पुरी झाली तेव्हा देवकीबाई पुढं वाकल्या आणि नेहमीसारखं मोठ्यानं वाचायला लागल्या.

"माहं तोंड चालत असतं तं तुले बोलू देलं नसतं मी."

त्यांचं वाचून होतंय तोवर कवडूजींचं बोट पुन्हा बटनांवर गेलं होतं, आणि या वेळी ओळ लहान होती.

"बस. काय बोलली ते सांग. पुरं सांग."

देवकीबाईंनी स्टूल ओढलं. जावई समोर उभा होता, तरी त्या बसल्या. त्यांनी रिक्षापासून सुरुवात केली, वाटेत काय काय जुळवलं आणि दुकानाच्या दारात त्यातलं काय विसरलं तेही सांगितलं. कवडूजींनी बटनांवरून हात काढून मांडीवर ठेवला आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत तो उचलला नाही.